‘मीठवाटे’ची तिसरी आवृत्ती

मिनोउराबाईंनी आयुष्यातली एकतीस वर्षं भाताच्या विजेच्या कुकरच्या माहितीपुस्तिका तपासण्यात घालवली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना वाचतानासुद्धा त्यांचा हात पर्समधल्या पेन्सिलीकडे जायचा. अशी बाई आमच्याकडे आली, ती आमचा नेहमीचा प्रूफरीडर ऐन वेळी सासऱ्याच्या गाई सांभाळायला होक्काइडोला निघून गेला म्हणून. त्या आमच्या मालकांच्या बायकोच्या मावशीच्या शेजारी राहायच्या. एवढीच ओळख.

आमचं प्रकाशन म्हणजे ओसाकात, तानिमाचीला, दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवणाऱ्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माणसं चार. फुकुमोरी हे मालक, त्यांना आम्ही शाचो म्हणतो. मी इनुई, संपादक. आम्ही छापतो ती बोलून खेळायच्या खेळांची पुस्तकं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगायला लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करतो ते तोंडानं सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. असं दुपारभर चालतं. कधीकधी वर्षभर.

‘मीठवाट’ हा त्यातलाच एक जुना खेळ. समुद्रावरून मीठ पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या गावांना पोचवणारी माणसं, वाटेत नद्या, खिंडी, आणि खिंडीत बसलेली भुतंखेतं. कुरेमात्सु सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, तो पस्तीस वर्षांपूर्वी लिहिला. तेव्हा ते आमागासाकीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. पहिली आवृत्ती पातळ होती आणि भरपूर खपली. मग त्यांनी सहा वर्षं खपून दुसरी लिहिली, चारशे बारा पानांची, आणि तिनं खेळाचा जीव घेतला. फुकुमोरींच्या आईकडे तिची एक प्रत होती. मुळ्याच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवलेली.

पण त्याच आईच्या मुलानं शाळेत असताना पहिली आवृत्ती फाटेपर्यंत खेळली होती. त्यामुळे हाती थोडं बळ आल्याबरोबर फुकुमोरींनी ठरवलं, ‘मीठवाटे’ची तिसरी आवृत्ती काढायची. सेन्सेईंनी लगेच हस्तलिखित पाठवलं. ते म्हणजे तीच दुसरी आवृत्ती होती, फक्त आणखी चाळीस पानं वाढवलेली. आम्ही ते मिनोउराबाईंकडे पाठवलं.

नऊ दिवसांनी त्या स्वतः घेऊन आल्या. कापडी गाठोड्यात बांधलेला गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, गाठ सोडली, आणि म्हणाल्या, “काही ठिकाणी शंका आहेत.”

मी पहिलं पान उघडलं. पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं, ‘या खेळात जिंकणे किंवा हरणे नसते.’ शेजारी बारीक, सुबक अक्षरात पेन्सिलीनं प्रश्न होता: ‘मग थांबायचं कधी?’

दुसऱ्या पानावर अकरा शंका होत्या. तिसऱ्यावर चौदा. मी पुढे चाळत गेले. ‘“योग्य तो फासा टाका.” योग्य कोणता?’ ‘हे कोण कोणाला सांगत आहे?’ ‘हा शब्द पान १९ वर येतो, अर्थ पान २४० वर.’ शेवटच्या पानाच्या तळाशी त्यांनी बेरीज लिहिली होती. एक हजार एकशे त्रेचाळीस.

“मिनोउरासान,” मी म्हणाले, “आम्हाला फक्त चुकीची अक्षरं बघून हवी होती.”

“तीही बघितली,” त्या म्हणाल्या. “सहा आहेत. लाल खुणेची.”

मी तो गठ्ठा लपवून ठेवणार होते. पण फुकुमोरींना कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. त्यांनी त्याच दिवशी सेन्सेईंना फोनवर आकडा सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेई हजर. वय एकाहत्तर, तिन्ही जिने एका दमात चढून आलेले, कानाच्या पाळ्या लाल. मिनोउराबाईंनाही बोलावून घ्यावं लागलं.

“तुम्ही हा खेळ कधी खेळलात का?” सेन्सेईंनी बसायच्या आधीच विचारलं.

“नाही.”

“दुसरा कुठला?”

“पत्ते. नवरा फसवायला लागला तेव्हा तेही सोडले.”

“मग या हजारभर शंका काढायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?”

मिनोउराबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. “सेन्सेई, मला भात शिजवता येतो. कुकरची पुस्तिका मी माझ्यासाठी नाही तपासायचे. ज्याला शिजवता येत नाही, आणि ज्याचे हात ओले आहेत, त्याच्यासाठी तपासायचे.”

“हा कुकर नव्हे.”

“ते मला पान बाराला कळलं. तोवर नक्की नव्हतं.”

फुकुमोरी खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. सेन्सेईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी त्यांनी बोट रोखून सांगितलं, “शनिवारी दुपारी दोन वाजता. इथंच. मी सूत्रधार. एकदा खेळा, मग बोला.”

“येते,” मिनोउराबाई म्हणाल्या. “खायला काय आणू?”

शनिवारी त्या तांदळाच्या चकल्यांचा डबा घेऊन आल्या. टेबलाला त्या, फुकुमोरी, मी आणि आमचा चित्रकार असे चौघे बसलो. प्रत्येकानं आपापलं पात्र ठरवलं. मिनोउराबाईंनी ओताकी नावाची साठीची मीठवाली घेतली. स्वभाव काय, असं सेन्सेईंनी विचारलं तर म्हणाल्या, “बोलते फार. मी घरी बोलत नाही, म्हणून ही बोलते.”

आणि बोलायला लागल्या की हो. पहिल्या गावातच ओताकीनं सरायवाल्याशी असं भांडण काढलं की सेन्सेईंना त्याला पळवून लावावं लागलं. सेन्सेईंचा रागही उतरत चालला होता. ते सूत्रधार म्हणून फार छान. आवाज खाली आणून नदीचं वर्णन करायला लागले की टेबलावर पाणी चढल्यासारखं वाटायचं.

तर नदीला पूर आला होता. वर दोरांचा पूल होता. मिनोउराबाईंनी विचारलं, “दोर ओला आहे?”

“ओला आहे.”

“मग माझ्या ओझ्याचं काय? मीठ भिजलं तर सगळंच गेलं.”

“त्याला नियम आहे,” सेन्सेई समाधानानं म्हणाले आणि पुस्तक उघडलं. पान दोनशे तेरा. तिथं लिहिलं होतं, ओल्या दोरासाठी पान सत्याऐंशी पाहा. सत्याऐंशीवर लिहिलं होतं, ओझ्याचं कोष्टक क्रमांक नऊ लावा. कोष्टक नऊ होतं तीनशे एकवर, आणि त्याखाली बारीक टीप होती की पूल असल्यास पान दोनशे तेरा पाहा.

सेन्सेईंनी पुन्हा पानं उलटली. चष्मा काढला, पुसला, लावला. फुकुमोरींनी एक चकली घेतली, मग आणखी एक. चित्रकार कागदावर बेडूक काढू लागला. वीस मिनिटं आम्ही चौघं पुरात उभे होतो. मिनोउराबाई उठल्या, सगळ्यांना ताजा चहा ओतला, आणि सेन्सेईंसमोर पेला ठेवताना हळूच म्हणाल्या, “हे पुस्तक लिहायच्या आधी तुम्ही कसं खेळायचात?”

“आधी?” सेन्सेई पानातून मान वर न काढता म्हणाले. “आधी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. पुस्तक कुठलं तेव्हा. मी विचारायचो, कसे पलीकडे जाणार? कुणी चांगली युक्ती सांगितली तर एक फासा जास्त द्यायचा. गणिताचे मास्तर होते एक, ते प्रत्येक वेळी बुडायचे.” ते स्वतःशीच हसले.

“मग ते यात कुठल्या पानावर आहे?”

सेन्सेईंनी मान वर केली. मग म्हणाले, “कुठल्याच नाही.”

त्यांनी पुस्तक मिटलं, दोन फासे उचलले आणि विचारलं, “ओताकीबाई, कशा पलीकडे जाणार?”

ओताकीनं मिठाची पोती डोक्यावर बांधली, फुकुमोरींच्या पात्राला पुढे घातलं, दोर वजन पेलतो का हे आधी त्याच्यावर बघितलं, आणि पलीकडे पोचली. फुकुमोरी वाहून गेले.

खेळ संपल्यावर सेन्सेई पुस्तक काखेत मारून लगेच निघाले. आम्हाला वाटलं, संपलं, आता हे पुस्तक काही होत नाही. मंगळवारी त्यांचा फोन आला. “त्या बाईंना विचार,” ते म्हणाले, “सोमवारी सकाळी मोकळ्या असतात का.”

त्यानंतर पाच महिने दोघांनी मिळून ते पुस्तक नव्यानं लिहिलं. दर सोमवारी आमच्या छोट्या खोलीत दोघं समोरासमोर बसायची. सेन्सेई एक नियम वाचायचे, मिनोउराबाई म्हणायच्या, “कळलं नाही.” सेन्सेई समजावून सांगायचे. त्या म्हणायच्या, “आता जे बोललात तेच लिहा.” भिंतीपलीकडून मला दोघांचे आवाज ऐकू यायचे. एकदा तर सेन्सेई ओरडले, “तुम्ही मुद्दाम मठ्ठपणा करताय.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “हो. त्याचाच पगार मिळायचा मला.”

नियम झाले, पण ते कुणावर करून बघायचे? सेन्सेईंचे जुने भिडू उपयोगाचे नव्हते. त्यांना सगळं पाठ. मिनोउराबाई म्हणाल्या, माझ्याकडे माणसं आहेत. त्या रोज सकाळी साडेसहाला तामात्सुकुरीच्या बागेत रेडिओवरच्या कवायतीला जायच्या. तिथल्या त्यांच्या तीन मैत्रिणी, मुकाई आडनावाच्या दोघी बहिणी आणि हिगाशिदेबाई, दर बुधवारी दहा वाजता त्यांच्या घरी जमू लागल्या. माझ्यावर अट एकच होती. स्वयंपाकघराच्या दारात बसायचं, लिहून घ्यायचं, आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या बुधवारी थोरल्या मुकाईबाई सूत्रधार झाल्या. सव्वा तास गेला तरी कुणी घराबाहेर पडेना. कुठला किमोनो घालायचा, शिदोरीत काय न्यायचं, लोणचं नेलं तर मिठाला वास लागेल का, यावर चर्चा. मी दारात बसून ओठ चावत होते. शेवटी जेवणाची वेळ झाली आणि खेळ आटोपला. मिनोउराबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “लिहा. पुस्तकात ‘निघा’ असं कुठंच लिहिलेलं नाही.”

त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीत सहाव्या पानावर, ओळीच्या मधोमध, मोठ्या अक्षरात छापलंय: आता निघा.

दुसऱ्या बुधवारी त्या निघाल्या. खिंडीत त्यांना डोंगरातली म्हातारी राक्षसीण भेटली. सेन्सेईंच्या पुस्तकात तिच्याशी लढायचे नियम होते, तिच्यापासून पळायचे होते. या तिघींनी तिला जेवायला बसवलं. धाकट्या मुकाईबाई तिला म्हणाल्या, “एवढ्या उंचावर एकट्या राहता, गुडघे दुखत नाहीत?” सूत्रधाराला काय करावं कळेना, कारण जेवू घालायचा नियमच नव्हता. मी ते सेन्सेईंना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी जेवणाचे नियम लिहिले. पूर्ण दोन पानं. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली.

हिगाशिदेबाईंबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले. तेव्हापासून त्या हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत, असं मिनोउराबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिले तीन बुधवार त्या नुसत्या फासे टाकायच्या आणि ‘मीही येते’ म्हणायच्या. चौथ्या वेळी असं झालं की मीठ उतरवायच्या गावात व्यापाऱ्यानं भाव पाडला आणि त्या क्षणी बोलायची पाळी नेमकी त्यांची होती. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “एवढ्यात नाही देणार.” मग म्हणाल्या, “उचला ग पोती, पुढच्या गावाला जाऊ.” व्यापारी थोडा वर आला. त्या उठून उभ्या राहिल्या. खिंडीत काय सोसलं ते त्याला ऐकवलं, त्याच्या तराजूच्या काट्यात खोट काढली, त्याच्या बापालासुद्धा सोडलं नाही.

“हिगाशिदेसान,” थोरल्या मुकाईबाई म्हणाल्या, “तुमचा आवाज खाली भाजीवाल्यापर्यंत गेला.”

“जाऊ दे,” त्या बसत म्हणाल्या. “भाव चढला की नाही?”

त्या दिवशी स्टेशनापर्यंत आम्ही दोघी बरोबर चालत गेलो. वाटेत त्या अचानक म्हणाल्या, “आमच्याकडे घासाघीस हेच करायचे. मी पिशवी धरून बाजूला उभी राहायचे. मला वाटायचं, मला येत नाही.” मी म्हणाले, “छान येतं.” त्या म्हणाल्या, “हो ना,” आणि तिकीटफाटकातून आत गेल्या.

पुस्तक एकशे छत्तीस पानांवर आलं. आम्ही त्यातली चार पानं नमुन्यादाखल इंटरनेटवर टाकली आणि जुन्या खेळणाऱ्यांनी आमच्या अंगावर धाव घेतली. कोष्टकं कुठं गेली, ओझ्याचे नियम कुठं गेले. कुणीतरी ‘आजीबाईंची आवृत्ती’ असं नाव ठेवलं आणि ते लगेच सगळीकडे झालं. ज्याला मिनोउराबाईंच्या जुन्या नोकरीबद्दल कळलं होतं, अशा एकानं ‘भाताचा कुकर’ म्हटलं. फुकुमोरी दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळा मजकूर छापून सेन्सेईंपुढे ठेवला आणि मान खाली घालून उभे राहिले.

सेन्सेईंनी सगळा वाचला. “कुकर हे बरं आहे,” ते म्हणाले. “ज्याला काही येत नाही, त्याच्याही घरी शिजतं.” मग त्यांनी माझ्याकडून लॅपटॉप ओढून घेतला आणि दोन बोटांनी उत्तर लिहिलं. ज्यांना दुसरी आवृत्ती आवडते त्यांच्याकडे ती आहे, ती कुणी परत मागत नाही. मलाही ती आवडते. पण मला तीत नियम सापडत नाहीत.

पहिल्या छपाईवरून आमच्यात वाद झाला. फुकुमोरी बाराशे म्हणत होते. सेन्सेई म्हणाले हजार, उगाच गोदाम भरू नका. मी दोन हजारांवर अडून बसले, कारण त्या चौघींना मी दर बुधवारी दारात बसून बघत आले होते. शेवटी फुकुमोरी म्हणाले, “इनुई, नाही खपलं तर तुझ्या घरी ठेवू.” मी म्हणाले ठेवा.

मे महिन्यात नान्कोच्या मोठ्या सभागृहात खेळांचा मेळावा भरला. आम्ही पाचशे प्रती नेल्या. दोनशे परत आणायची तयारी ठेवून हातगाडीही नेली. मिनोउराबाई आणि त्यांच्या तिघी मैत्रिणी सकाळी आमच्या आधी येऊन थांबल्या होत्या, चौघींच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या. आमच्या गाळ्यापुढं एक टेबल टाकलं होतं, येणाऱ्याला अर्धा तास खेळवून दाखवायला. सूत्रधार मिनोउराबाई.

दहा वाजता एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, दणकट, काखेत दुसरी आवृत्ती, प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेली. ते सरळ आमच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “ओझ्याच्या कोष्टकाचं काय केलंत ते मला ऐकायचंय.”

फुकुमोरी एक पाऊल मागे सरकले. मिनोउराबाईंनी खुर्ची पुढं केली. “बसा ना. ओझं किती आहे तुमच्याकडे?”

“म्हणजे?”

“मीठ. पाठीवर. किती पोती?”

ते गृहस्थ उभ्याउभ्या म्हणाले, “तीन.”

“जास्तच झाली. वाट चढाची आहे. एखादं कुणाला देता का?”

त्यांनी शेजारी बसलेल्या धाकट्या मुकाईबाईंकडे बघितलं. त्यांनी नम्रपणे मान लववली. गृहस्थ बसले. चाळीस मिनिटांनी ते राक्षसिणीला आपली शिदोरी देत होते आणि आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी राहून ऐकत होती. उठताना त्यांनी तीन प्रती घेतल्या. एक स्वतःला, एक बायकोला. “तिला मी तीस वर्षं हा खेळ समजावतोय,” ते मला म्हणाले. तिसरी कुणाला ते सांगितलं नाही.

त्यानंतर मला वर बघायला सवड मिळाली नाही. चाळिशी-पन्नाशीची माणसं आपल्या मोठ्या झालेल्या मुलींना घेऊन येत होती, हा बघ, हा मी तुझ्या वयात खेळायचो. कॉलेजातल्या मुलांचे घोळके येत होते. दोन आज्या आल्या, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं राक्षसिणीशी बोलायला मिळतं. सव्वा वाजता फुकुमोरींनी गाळ्यावर बांधून ठेवलेली नमुन्याची प्रतसुद्धा विकली आणि मग लोकांना दाखवायला काहीच उरलं नाही म्हणून कपाळाला हात लावला. रिकामी हातगाडी ढकलत ते परत निघाले तेव्हा गुणगुणत होते. सेन्सेई मागून चालत होते. एका हातात त्यांनी दोन फासे धरले होते आणि ते सारखे वाजवत होते.

उरलेल्या दीड हजार प्रती अकरा दिवसांत गेल्या. पुस्तकाच्या दुकानांचे फोन एवढे यायला लागले की खालच्या दातांच्या दुकानदारानं एकदा वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. आम्ही पुन्हा छपाईला द्यायच्या तयारीला लागलो, आणि तेवढ्यात ओकायामाहून एका मुलीचं पत्र आलं. पुस्तक फार आवडलं, असं लिहून तिनं पुढं विचारलं होतं: ‘पान ३१ वर लिहिलं आहे की राक्षसिणीनं जेवण नाकारलं तर पान ०० पाहा. ते पान कुठं आहे?’

मी पान एकतीस उघडलं. खरंच होतं. पानांचे आकडे पक्के व्हायच्या आधी आपण जागा राखायला दोन शून्यं टाकून ठेवतो, ती तशीच छापली गेली होती. मी ते तीनदा वाचलं होतं. मिनोउराबाईंनी पाचदा.

दुसऱ्या दिवशी त्या काळा पोशाख घालून, चांगल्या दुकानातल्या मिठाईचा खोका घेऊन आल्या. दारातच कमरेत वाकून उभ्या राहिल्या. फुकुमोरी गडबडले आणि त्यांच्याहून खाली वाकले. त्यामुळे बराच वेळ कुणालाच वर येता येईना.

“एकतीस वर्षांत एकच चूक सुटली होती,” मिनोउराबाई म्हणाल्या. “एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली. ‘झाकण उघडा’च्या जागी ‘झाकण उडवा’. ही दुसरी. यापुढे मला कागद देऊ नका.”

आम्ही परोपरीनं समजावलं. त्या ऐकेनात. रेडिओच्या कवायतीलाही जाईनाशा झाल्या, असं हिगाशिदेबाईंनी कळवलं.

पण इकडे भलतंच चाललं होतं. पत्र एकच नव्हतं. खेळणाऱ्यांमध्ये ‘पान ००’ची गोष्ट पसरली होती. कुणी ठरवलं होतं की ते नकाशात नसलेलं गाव आहे. कुणी म्हणत होतं, राक्षसिणीनं जेवण नाकारलं की आपण तिच्या घरी जेवायला जायचं असतं, ते घर म्हणजे पान ००. लोक आपापली पानं लिहून एकमेकांना पाठवत होते. दुकानातून विचारणा होत होती की शून्य असलेलीच प्रत आहे ना. सेन्सेईंनी ती सगळी वाचून काढली आणि पहिली गाडी पकडून मिनोउराबाईंच्या घरी गेले. मलाही बरोबर नेलं.

“ही चूक ठेवायची,” ते दारातच म्हणाले. “लोकांना आवडलीय.”

मिनोउराबाईंचा चेहरा उतरलेला होता, पण हे ऐकून त्या ताठ झाल्या. “चूक ती चूक. दुरुस्त करायची.”

“अहो, पण त्यातून केवढं काय निघालंय बघा तरी.”

“लोकांना तळाचा करपलेला भातही आवडतो, सेन्सेई. मलाही आवडतो. म्हणून तो करपवायला पुस्तिकेत सांगत नाहीत.”

“म्हणजे तुम्ही पुढची प्रूफं तपासणार?”

त्या म्हणाल्या, “ही एक जागा तरी बघावीच लागेल ना. तुमच्यावर सोडली तर राहील तशीच.”

दुसऱ्या छपाईत तिथं पान ८८ आलं. त्यांनी स्वतः छापखान्यात जाऊन बघितलं. आणि सेन्सेईंनी लोकांच्या पत्रांतून वेचून, त्यांची नावं घालून, सोळा पानांची वेगळी पुस्तिका लिहिली, ‘पान ००’. मिनोउराबाईंनी तिच्यात सत्त्याण्णव शंका काढल्या. सेन्सेई सत्त्याण्णव या आकड्यावर इतके खूश झाले की त्यांनी तो प्रस्तावनेत घातला. त्या म्हणाल्या, घालू नका. त्यांनी घातला.

पानगळीपर्यंत ‘मीठवाटे’च्या पाच छपाया झाल्या. चौदा हजार प्रती. मोठ्या प्रकाशकाला हा आकडा काही नाही, पण आमच्याकडे अजून कुठल्याच पुस्तकानं तीन हजार ओलांडले नव्हते. लोणच्यावरची दुसरी आवृत्तीही आता कुणीतरी मागतंय, असं फुकुमोरींच्या आई सांगत होत्या. त्या देणार नाहीत. तेवढ्या वजनाचा दगड मिळत नाही म्हणे.

परवा हिगाशिदेबाई कार्यालयात आल्या होत्या. त्यांनी वॉर्डाच्या सभागृहात स्वतःचा गट सुरू केलाय, अकरा जणांचा. मी त्यांच्यासाठी अकरा प्रती बांधून ठेवल्या होत्या, आमच्यातर्फे भेट. त्यांनी त्या परत माझ्याकडे सरकवल्या.

“मी कालच घेतल्या,” त्या म्हणाल्या. “तेन्नोजीच्या दुकानातून. होत्या तेवढ्या सगळ्या.”

“अहो, पण विकत कशाला?”

“तिथं संपलं तरच ते परत मागवणार ना.” त्यांनी छत्री उचलली. “तिथली बाई विचारत होती, तुम्ही शिक्षिका का? म्हटलं, नाही, मीठ विकते.”

त्यांना घाई होती. दहा वाजता गट जमायचा होता आणि सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे होती.